विटांचे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ : आधी चाक ठरवावे, मग रुंदी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेचे इंजिन तुम्ही लेगोच्या विटांतून आठ स्टड (स्टड म्हणजे विटेच्या माथ्यावरचा गोल उंचवटा) रुंदीचे उभारले आहे, त्याला लेगोचीच मोठी आऱ्यांची चाके लावली आहेत आणि नेहमीच्या वळणाच्या रुळांवर ते चालवता आहात. सरळ रुळावर इंजिन ठीक चालते, पण वळणावर घसरते. तीन डबे जोडले की मोटर घरघरते आणि चाके अडतात. आणि तुमच्याच शब्दांत सांगायचे तर ‘सगळे तपशील बरोबर असूनही ते खऱ्या इंजिनासारखे दिसत नाही, अंग जड आणि पाय बारीक वाटतात’. यासाठी जास्त ताकदीची मोटर घ्यावी का आणि सांगाडा आणखी भक्कम करावा का, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते या तीन अडचणी वेगवेगळ्या नाहीत. तुम्ही आधी शरीराची रुंदी ठरवली, त्यावर बॉयलर (वाफ तयार करणारी लांब गोल टाकी) आणि कॅब (चालकाची खोली) रचली आणि शेवटी जी चाके मिळाली ती खाली बसवली. वाफेच्या इंजिनाच्या बाबतीत हा क्रम उलटा असावा लागतो, कारण विटा हव्या त्या मापात रचता येतात, पण चाके मोजक्याच मापांत मिळतात आणि रुळांचे वळण तर त्याहून मोजक्या मापांत मिळते. ज्या गोष्टी बदलता येत नाहीत त्यांच्यापासून सुरुवात करावी, असे मी नेहमी करतो, आणि खालचे सगळे उत्तर त्याच विचाराने लिहिले आहे.

मूळ पेच असा की लेगोच्या रेल्वेत एकच एक प्रमाण असे नाही. दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर सुमारे ३७.५ मिमी आहे. खऱ्या स्टँडर्ड गेजचे, म्हणजे हे इंजिन ज्यावर धावते त्या रुळांचे, अंतर १४३५ मिमी असते, म्हणजे रुळांप्रमाणे पाहिले तर प्रमाण साधारण १:३८ येते. स्टडचे माप ८ मिमी असल्यामुळे आठ स्टडची रुंदी ६४ मिमी होते. खऱ्या इंजिनाची रुंदी सुमारे २.७ मीटर धरली तर शरीराचे प्रमाण १:४२ येते. सहा स्टड केले तर तेच १:५६ होते. आता चाकांकडे पाहा. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ची ओढणारी चाके ६ फूट ८ इंच, म्हणजे २०३२ मिमी व्यासाची आहेत. लेगोने २००९ साली ‘एमरल्ड नाइट’ या संचाबरोबर आणलेले मोठे चाक कडेसकट (कड म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारी, बाहेर आलेली किनार) सुमारे ३७ मिमी आहे आणि बिनकडेचे चाक सुमारे ३० मिमी आहे. डोळ्याला कडेसकट चाकच दिसते, म्हणून ते माप धरले तरी प्रमाण १:५५ येते. तुमच्या इंजिनात शरीर १:४२ आणि चाके १:५५ आहेत. अंग जड आणि पाय बारीक वाटण्याचे कारण इतके सरळ आहे. ते तपशिलांनी झाकले जाणार नाही.

आठ स्टडच्या शरीराला शोभणारे चाक ४८ मिमीच्या आसपास हवे. लेगोबाहेरचे काही उत्पादक मोठी चाके बनवतात, तेव्हा ती घ्यावीत का, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न आहे. त्याचे उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. इंजिन मुख्यतः कपाटात किंवा सरळ रुळावर मांडायचे असेल, किंवा तुमच्याकडे रुंद वळणांचे रूळ असतील, तर आठ स्टड आणि मोठी चाके ही जोडी फार देखणी होते आणि तिथे मी तुम्हाला अडवणार नाही. शुद्ध लेगोचेच भाग वापरायचे असा तुमचा नियम असेल, तर तो पर्याय आपोआप संपतो. आणि इंजिन नेहमीच्या लेगो वळणावर डबे ओढत फिरायला हवे असेल, जसे तुमच्या प्रश्नावरून दिसते, तर चाके आहेत तीच ठेवून शरीर लहान करणे हा मला अधिक प्रामाणिक मार्ग वाटतो.

याचे कारण वळणात आहे. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या मध्यरेषेवर ४० स्टड, म्हणजे ३२० मिमी आहे. असे १६ तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होते. १:५५ या प्रमाणात ही त्रिज्या खऱ्या जगात १७.६ मीटर होते. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ची टेंडरसकट (टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) लांबी २१ मीटरच्या वर आहे. म्हणजे आपण एका लांब इंजिनाला त्याच्या स्वतःच्या लांबीहूनही लहान त्रिज्येच्या वळणावर फिरायला सांगतो आहोत, आणि खऱ्या मुख्य मार्गावर वळणाची त्रिज्या शेकडो मीटर असते. एवढा अन्याय सहन करायचा तर सांगाड्याच्या भक्कमपणापेक्षा त्याच्या लवचिकपणाकडे लक्ष द्यावे लागते.

हा अन्याय किती आहे हे मोजण्याचे एक सोपे सूत्र आहे आणि मी प्रत्येक इंजिनाच्या आधी कागदावर तेच मांडतो. ताठ सांगाड्यातल्या ज्या दोन आसांच्या चाकांना कड आहे ते दोन आस रुळाला धरून राहतात. त्यांच्या रेषेतल्या किंवा रेषेबाहेरच्या कोणत्याही जागी रूळ किती बाजूला सरकलेला असेल हे काढायचे असेल, तर त्या जागेपासून पहिल्या आसापर्यंतचे अंतर आणि दुसऱ्या आसापर्यंतचे अंतर यांचा गुणाकार करावा आणि त्याला त्रिज्येच्या दुपटीने भागावे. सगळी मापे स्टडमध्ये ठेवली की उत्तरही स्टडमध्ये येते.

तुमच्या इंजिनाला हे लावून पाहू. चाकांची रचना ४-६-२ आहे, म्हणजे पुढे चार लहान चाकांची बोगी, मध्ये ओढणाऱ्या चाकांचे तीन आस आणि मागे दोन चाकांचा एक आस. ओढणाऱ्या चाकांचा व्यास ३७ मिमी असल्यामुळे दोन शेजारच्या आसांमध्ये निदान ५ स्टड, म्हणजे ४० मिमी अंतर हवे. तीन आसांचे मिळून १० स्टड होतात. खऱ्या इंजिनात हे अंतर १४ फूट ६ इंच, म्हणजे ४४२० मिमी आहे, आणि ते १:५५ ने भागले तर जवळपास नेमके १० स्टड येतात. चाकाचा व्यास आणि आसांमधले अंतर या दोन्ही गोष्टी एकच प्रमाण सांगतात, असे क्वचित घडते. या इंजिनात ते घडले आहे आणि म्हणूनच मी तुम्हाला १:५५ सोडू नका असे आग्रहाने सांगतो आहे. मधला आस दोन्ही टोकांपासून ५ स्टडवर आहे, म्हणून तिथे रूळ ५ गुणिले ५ भागिले ८०, म्हणजे सुमारे ०.३ स्टड, अडीच मिलिमीटर बाजूला सरकलेला असतो. कडेच्या चाकाला एवढी मोकळीक रुळांत नसते. मधल्या आसावर तुम्ही कडेची चाके लावली असतील, तर इंजिन घसरण्याचे पहिले कारण तेच आहे. तिथे बिनकडेची चाके लावली की ती रुळाच्या माथ्यावर बाजूला सरकू शकतात.

आता पुढची बोगी. तिचा मध्य पहिल्या ओढणाऱ्या आसाच्या ६ स्टड पुढे येतो. तिथे ६ गुणिले १६ भागिले ८०, म्हणजे १.२ स्टड; जवळपास दहा मिलिमीटर. मागचा आस शेवटच्या ओढणाऱ्या आसाच्या ७ स्टड मागे असेल, तर १७ गुणिले ७ भागिले ८०, म्हणजे जवळपास दीड स्टड, १२ मिमी. ही बोगी नुसती आपल्या मध्यावर फिरणारी असून भागणार नाही. तिला इतके बाजूला सरकताही आले पाहिजे. म्हणून मी बोगी एका लांब दांड्यावर बसवतो आणि दांड्याचे दुसरे टोक पहिल्या ओढणाऱ्या आसाजवळ, सांगाड्याच्या मध्यरेषेवर, गुळगुळीत पिनेने अडकवतो. दांडा डावीकडे-उजवीकडे झुलतो आणि बोगी त्याच्या टोकाला स्वतंत्रपणे वळते. मागच्या आसालाही असाच दांडा पुरतो.

या झुलण्याच्या आड सगळ्यात जास्त येतात ते सिलिंडर, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना असणारी दट्ट्यांची नळकांडी. बोगीचे चाक आधीच रुळाच्या बाहेरच्या बाजूला थोडे आलेले असते. त्यात दहा मिलिमीटरची भर पडली की ते आठ स्टडच्या रुंदीबाहेर जाते आणि तुमच्या सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर आपटते. खऱ्या इंजिनात सिलिंडर बोगीच्या दोन चाकांच्या मधोमध येतात. तीच जागा ठेवावी, पण त्यांचा तळ एक-दोन प्लेट वर घ्यावा आणि आतली बाजू पोकळ ठेवावी. प्लेट म्हणजे लेगोची पातळ वीट; एक प्लेट ३.२ मिमीची असते. ती उंची बाजूने पाहताना जाणवत नाही, पण चाकाला तेवढ्याने वाट मिळते. खात्री करायची तर वरचे शरीर काढून सांगाडा वळणाच्या तुकड्यांवर ठेवावा, हाताने हळूहळू ढकलावा आणि सिलिंडर व चाक यांच्यामध्ये वहीचा कागद सरकवून पाहावा. कागद कुठेच अडकला नाही तर जागा पुरेशी आहे. ही तपासणी डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही वळणांवर करावी, आणि डावे वळण संपून लगेच उजवे सुरू होते तिथे तर नक्कीच करावी.

बोगीबाबत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बोगीला आडवी मोकळीक दिली जाते, पण उभी दिली जात नाही. रुळांचे सांधे कधीच तंतोतंत एका पातळीत नसतात. बोगी सांगाड्याला घट्ट टेकलेली असेल, तर उंच सांध्यावर ती इंजिनाचे नाक उचलते आणि पहिल्या ओढणाऱ्या आसाची चाके क्षणभर रुळावरून सुटतात. वळणावर तेवढ्या क्षणात कड रुळावर चढते आणि इंजिन घसरते. शिवाय बोगीने वजन पेलले की तेवढे वजन ओढणाऱ्या चाकांवरून कमी होते आणि चाके जागच्या जागी फिरतात. बोगी आणि मागचा आस या दोघांनी आपल्यापुरतेच वजन घेऊन रुळावर सैल बसावे, इंजिनाचे सगळे वजन तीन ओढणाऱ्या आसांवर यावे. दांड्याच्या पिनेजवळ अर्धी ते एक प्लेट एवढी वर-खाली हालचाल राहील अशी जागा सोडली की पुरते. बोगी फारच हलकी असेल आणि सारखी उडत असेल, तर तिच्यातच एखादी जड वस्तू घालावी. इंजिनाचा भार तिच्यावर टाकू नये.

मोटर अडण्याचा प्रश्न मी मुद्दाम इथपर्यंत थांबवला होता, कारण त्याचे मूळ बहुधा मोटरमध्ये नाही. तुम्ही लिहिले आहे की चाके ‘थांबत थांबत’ फिरतात. हे लक्षण घर्षणाचे आहे. मोटर काढून ठेवा, गिअर सोडवा आणि नुसता सांगाडा उलटा धरून एका चाकाला बोटाने सावकाश फिरवा. एका फेरीत ठरावीक जागी चाक जड लागत असेल, आणि जोडदांडे (ओढणाऱ्या चाकांना बाहेरून एकमेकांशी जोडणारे दांडे) काढल्यावर ते जडपण जात असेल, तर दोष दांड्यांत आहे. तो दोन प्रकारचा असू शकतो. पहिला म्हणजे चाकांचे कोन. एका बाजूचा दांडा सगळ्यात पुढे असताना दुसऱ्या बाजूचा सगळ्यात वर किंवा सगळ्यात खाली असला पाहिजे, म्हणजे दोन बाजूंमध्ये पाव फेरीचा फरक हवा. खऱ्या दोन सिलिंडरच्या इंजिनांत तो यासाठी असतो की एका बाजूचा दट्ट्या टोकाला जाऊन निकामी झाला तरी दुसऱ्या बाजूचा जोर लावण्याच्या स्थितीत असावा. तुमचे मूळ इंजिन तीन सिलिंडरचे आहे आणि त्यात हे कोन वेगळे आहेत, पण विटांच्या नमुन्यात पाव फेरीच ठेवावी. टेक्निकच्या (लेगोच्या यांत्रिक भागांच्या मालिकेतल्या) आसाचे छिद्र अधिक चिन्हाच्या आकाराचे असल्यामुळे ती आपोआप नेमकी बसते. तिन्ही आसांवर हा फरक एकाच दिशेचा आहे ना, हे मात्र नीट पाहा. एका आसावर डावी बाजू पुढे आणि दुसऱ्यावर उजवी बाजू पुढे असेल, तर इंजिन हलणारच नाही.

दुसरा दोष पिनांचा आहे. टेक्निकच्या काळ्या पिना घर्षणाच्या असतात. त्यांच्यावर बारीक उंचवटे असतात, जे बीमच्या (छिद्रे असलेल्या पट्टीच्या) छिद्रात घट्ट धरून राहण्यासाठीच केलेले असतात. जोडदांड्यात त्या वापरल्या तर दर फेरीला प्रत्येक पिनेवर मोटर ताकद घालवते, आणि तीन आसांच्या दोन्ही बाजू मिळून अशा सहा जागा आहेत. तिथे गुळगुळीत, सहज फिरणाऱ्या करड्या पिना वापराव्यात. दांड्यावर टाइल (वर स्टड नसलेला गुळगुळीत तुकडा) किंवा सजावटीचा तुकडा लावला असेल, तर तो पिनेच्या डोक्यावर दाबून बसत नाही ना, तेही पाहावे. हे दोन दोष दूर केल्यावर सांगाडा किंचित उतार असलेल्या रुळावर आपला आपण घरंगळला पाहिजे. तो घरंगळत नाही तोवर मी मोटर बसवत नाही.

एवढ्यावर थोडे थांबून क्रम पुन्हा सांगतो, म्हणजे पुढचा भाग वाचताना गोंधळ होणार नाही: चाकांनी प्रमाण ठरवले, प्रमाणाने आसांमधले अंतर ठरवले, वळणाने बोगीची मोकळीक ठरवली, आणि मोकळा फिरणारा सांगाडा हाती आल्यावर आपण आता मोटरकडे येतो.

मोटर कोणती हा प्रश्न वेगाचा आणि जागेचा आहे. पॉवर फंक्शन्स या लेगोच्या मोटर-बॅटरीच्या मालिकेतली एक्सएल मोटर ताकदवान आहे, पण ती ५ स्टड रुंद आणि ५ स्टड उंच असते. लहान केलेल्या इंजिनात ती मावणार नाही. एल मोटर ३ स्टड रुंद आणि ४ स्टड उंच आहे आणि फायरबॉक्सच्या (बॉयलरच्या मागच्या टोकाच्या भट्टीच्या) जागेत ती बसवता येते. ९ व्होल्टवर भार नसताना ती मिनिटाला सुमारे ३९० फेरे घेते. चाकाचा रुळावर टेकणारा व्यास ३० मिमीच्या आसपास, म्हणजे परीघ सुमारे ९५ मिमी. गिअर न बदलता थेट जोडली तर इंजिन सेकंदाला सुमारे ६२० मिमी धावेल. १:५५ ने गुणल्यास हा वेग ताशी १२० किलोमीटरच्या वर जातो. १२ दात्यांचा गिअर मोटरकडे आणि २० दात्यांचा चाकाकडे लावला की वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास उतरतो आणि ओढण्याची ताकद तितक्याच पटीने वाढते. भार जोडल्यावर वेग आणखी कमी होईल. तीन डब्यांसाठी मी हेच गुणोत्तर घेईन. १९३४ साली या इंजिनाची ताशी १०० मैल वेगाची अधिकृत नोंद झाली हे खरे, पण तो वेग ३२० मिमी त्रिज्येच्या वळणासाठी नाही.

गिअर बसवताना एक हिशेब उपयोगी पडतो. समांतर आसांवरच्या दोन गिअरच्या दात्यांची बेरीज १६ ने भागली की त्यांच्या आसांमधले अंतर स्टडमध्ये मिळते. १२ आणि २० यांची बेरीज ३२, म्हणून २ स्टड. ८ आणि २४ यांचेही २ स्टड. २० आणि २० यांचे मात्र अडीच स्टड, जे नेहमीच्या छिद्रांत बसत नाही. गिअरच्या दोन्ही आसांना दोन्ही बाजूंनी आधार असावा आणि त्या आधारांना आडवा बीम बांधलेला असावा, नाही तर भार येताच चौकट किंचित फाकते, दाते एकमेकांवरून उडी मारतात आणि तुम्ही वर्णन केलेली घरघर ऐकू येते. गिअर एकाच आसाला लावावा आणि बाकीचे दोन आस जोडदांड्यांनी फिरू द्यावेत. तिन्ही आस गिअरनेही जोडायचे आणि दांड्यांनीही जोडायचे असे केले, तर गिअरच्या दात्यांमधली ढिलाई आणि दांड्यांच्या छिद्रांमधली ढिलाई एकमेकांशी भांडतात. बॅटरीचा लहान डबा ४ स्टड रुंद आणि ८ स्टड लांब असतो. तो टेंडरमध्ये जावा आणि तारेला वळणावर ताण पडणार नाही इतकी ढील ठेवावी. इंजिन हलके पडून चाके घसरली, तर सुमारे ५० ग्रॅमची लेगोची वजनाची वीट मधल्या ओढणाऱ्या आसाच्या वर ठेवावी.

आता शरीर, आणि इथे मी माझ्याच नियमाला थोडी मुरड घालणार आहे. १:५५ प्रमाणात कॅबची रुंदी सुमारे ६ स्टड येते. पण रूळ १:३८ चे आहेत, त्यामुळे चाके, दांडे आणि सिलिंडर काहीही केले तरी आठ स्टडपर्यंत बाहेर येतात. वर सहा आणि खाली आठ असे इंजिन समोरून पाहताना पसरट दिसते. म्हणून लांबी आणि उंची १:५५ ने ठेवून रुंदी ७ स्टड करावी, असे मी सुचवेन. रुंदीचे प्रमाण त्यामुळे १:४८ च्या आसपास येते, पण रुळांचा रुंदपणा आणि शरीर यांच्यातली दरी बुजते. लांबीत किंवा चाकांत एवढा फरक केला तर तो लगेच खटकतो, रुंदीत तो डोळा माफ करतो, कारण इंजिन आपण बहुतेक वेळा बाजूनेच पाहतो. सात हा विषम आकडा असल्यामुळे मध्यरेषा स्टडवर येते, तर चार स्टडच्या सांगाड्याची मध्यरेषा दोन स्टडच्या मध्ये येते. ही अर्ध्या स्टडची तफावत दोन स्टडच्या जागेत मधोमध एकच स्टड असलेल्या जंपर प्लेटने मिटते. त्या प्लेट एकाखाली एक न लावता सांगाड्याच्या लांबीभर पसरून लावाव्यात, म्हणजे शरीर उचलताना एकाच जागी ताण येत नाही.

बॉयलरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या इंजिनाचे रूप त्याच्यावर आहे. खरा बॉयलर पुढे ५ फूट ९ इंच आणि मागे ६ फूट ५ इंच व्यासाचा, म्हणजे मागे रुंदावत जाणारा आहे. रुंदीच्या प्रमाणाने तो पुढे साडेचार आणि मागे पाच स्टड येतो. तो गोल दिसावा यासाठी विटा नुसत्या एकावर एक रचून चालत नाही. मधोमध चौकोनी गाभा उभारावा आणि त्याच्या चारही बाजूंना स्टड बाहेर तोंड करून यावेत, मग त्या स्टडवर वक्र स्लोप (गोलसर उतरत्या माथ्याच्या विटा) बसवावेत. इथे लेगोच्या मापांची एक सुंदर सोय कामाला येते. पाच प्लेटची उंची दोन स्टडच्या लांबीइतकी, म्हणजे १६ मिमी असते. एक स्टड म्हणजे अडीच प्लेट. आणि ब्रॅकेटची, म्हणजे काटकोनात वाकलेल्या तुकड्याची, उभी बाजू नेमकी अर्ध्या प्लेटइतकी, १.६ मिमी जाड असते. गाभा तीन स्टड रुंद ठेवला, त्याच्या दोन्ही बाजूंना ब्रॅकेट लावले आणि प्रत्येक ब्रॅकेटवर दोन प्लेट जाडीचे आवरण बसवले, की प्रत्येक बाजूला बरोबर एक स्टड भरतो आणि एकूण पाच स्टड होतात, कुठेही फट न राहता. पुढच्या भागात आवरणाची एक प्लेट कमी केली की बॉयलर दोन्ही बाजूंनी ३.२ मिमीने आत जातो. हा उतार खऱ्यापेक्षा थोडा जास्त आहे, आणि तो एका पायरीत होतो. ती पायरी बॉयलरवरच्या एखाद्या पट्ट्याच्या जागी आली की डोळ्याला खुपत नाही. फायरबॉक्सपाशी मात्र गाभा ठेवू नये, तिथे मोटर येणार आहे. तिचा खालचा भाग चाकांच्या आड लपतो, वर आवरण तेवढे यावे.

रंग आणि भाग यांची चौकशी आराखड्याच्या सुरुवातीलाच करा. १९२३ साली बांधलेले हे इंजिन ४४७२ या क्रमांकाने सफरचंदी हिरव्या रंगात धावले, आणि पुढच्या काळात ६०१०३ या क्रमांकाने गडद हिरव्या रंगात, चिमणीच्या दोन्ही बाजूंना धूर वर नेणाऱ्या उभ्या पत्र्यांसह. लेगोत गडद हिरवा रंग आहे, पण प्रत्येक आकाराचा वक्र स्लोप त्या रंगात निघालेला नसतो. हवे ते आकार कोणत्या हिरव्यात मिळतात हे पाहून त्याप्रमाणे कालखंड निवडावा. संगणकावर आराखडा करत असाल, तर प्रणाली टकरा दाखवते आणि भागांची यादीही काढून देते, पण पिनेचे घर्षण, चौकटीचे फाकणे आणि वळणावरची झुल ती दाखवत नाही. म्हणून मी सांगाडा कधीच फक्त पडद्यावर पुरा करत नाही. हाताशी असतील त्या कुठल्याही रंगाच्या विटांनी तो आधी उभारतो, वळणावर चालवतो आणि मग त्याची मापे आराखड्यात भरतो.

तुम्ही शेवटी विचारले आहे की आताचे इंजिन पूर्ण मोडावे का. मोडू नका. वरचे शरीर अखंड उचलून बाजूला ठेवा आणि फक्त सांगाड्यावर काम करा: मधल्या आसाची कड काढा, दांड्यांच्या पिना बदला, बोगीला लांब दांडा आणि उभी मोकळीक द्या, सिलिंडर वर घ्या. एवढ्याने घसरणे आणि अडणे थांबेल, आणि आठ स्टडचे शरीर परत वर ठेवून तुम्ही ते चालवू शकाल. त्यानंतर सात स्टडचे नवे शरीर त्याच सांगाड्यासाठी सावकाश आखा. सांगाडा वळणावर ठेवून वरून काढलेले छायाचित्र आणि बोगीच्या पिनेपासून पहिल्या आसापर्यंतचे स्टड मोजून कळवलेत, तर झुल पुरेशी आहे की नाही ते मी सांगू शकेन.